पुरावा कुणी द्यायचा?

परमुलखातून आलेली माणसं ठाणे जिल्ह्याला नवी नाहीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. ते कोण, हे सरकारनेच आधी मान्य केलं होतं. आज नवी मुंबईतल्या नाक्यावर काम शोधणाऱ्या गवंड्याबाबत नेमकं तेच ठरवणं अवघड झालं आहे. तो पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा की सीमेपलीकडच्या बांगलादेशचा? भाषा एक, चेहरा एक, कागद मोजके.

१९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसावरच टाकलं. १९८३ मध्ये आसामपुरता उलटा कायदा झाला. तिथे आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा होता. घुसखोर जवळजवळ सापडेनातच, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. एका पद्धतीत गरीब नागरिक भरडला जातो, दुसरीत सीमेला अर्थ उरत नाही. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ओझं माणसावरच आहे.

चुकीची किंमत महाराष्ट्राने पूर्वी पाहिली आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी म्हणून रेल्वेने पाठवलेल्या बंगाली मजुरांना पश्चिम बंगालमध्ये उलुबेरियाला जमावाने गाडी अडवून सोडवलं. यात आमचेच नागरिक आहेत, असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये बेकायदा स्थलांतरितांना डांबून ठेवायच्या स्थानबद्धता केंद्रासाठी नेरूळला जागा शोधली गेली आणि सरकार बदलल्यावर तो बेत बारगळला.

जून २०२५ मध्ये मीरा रोडवर पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. घरच्यांनी आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केल्यावर त्याला परत आणावं लागलं. ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्राने कुणी नागरिक ठरत नाही. खोटे कागद विकणारे दलाल आहेत, म्हणून न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण मग खऱ्या मजुराने दाखवायचं काय? त्याच्या गावच्या पंचायतीत आणि पोलीस ठाण्यात चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही सीमेवर नेऊ नये, एवढी अट तरी हवीच. शिवाय कारवाई मजुरावर होते. त्याला स्वस्तात राबवणाऱ्या ठेकेदाराची बातमी क्वचितच वाचायला मिळते.

सगळ्यात बिकट प्रश्न मुलांचा आहे. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्म झाला की नागरिकत्व मिळे. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असेल, तरी मूल जन्माने नागरिक होत नाही. २००५ मध्ये तुर्भ्यात जन्मून इथल्याच शाळेत मराठी शिकलेल्या मुलाच्या बापाचे कागद आज खोटे निघाले, तर त्या मुलाला कुठे पाठवायचं याचा निकाल पोलीस चौकीत लागू नये.