सॉसेजमधली चरबी, तेल आणि ‘इमल्शन’ नावाचा घोळ

फ्रँकफर्टरसारख्या बारीक दळलेल्या सॉसेजमधून डुकराची चरबी काढून तेल घालायचे, ही कल्पना हृदयविकाराच्या धास्तीतून पुढे आली. पण चरबीची जागा आधी घेतली ती तेलाने नव्हे, पाण्याने. अमेरिकेत १९६९ मध्ये अशा सॉसेजमधल्या चरबीवर ३० टक्क्यांची मर्यादा आली. वरून घातलेल्या पाण्याला १० टक्क्यांची मुभा होती. १९८८ मध्ये नियम सैल झाला. चरबी ३० टक्क्यांच्या आत हवी, पण चरबी आणि वरून घातलेले पाणी मिळून ४० टक्के झाले तरी चालेल. चरबी कमी करा आणि तेवढे पाणी भरा, असाच त्याचा व्यवहारी अर्थ. पाण्याहून स्वस्त काय असणार?

तेलाचे घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याचे मूळ एका शब्दात आहे. मांस, मीठ, बर्फ आणि चरबी कटरमध्ये फिरवून जो लगदा होतो त्याला धंद्यात आणि पाठ्यपुस्तकांतही ‘इमल्शन’ म्हणतात. इमल्शन म्हणजे एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे थेंब. इथे मात्र दळताना सगळे थंडगार ठेवतात, त्यामुळे चरबी घट्टच असते. मिठाने सुटलेली मांसातली प्रथिने तिच्या कणांवर पापुद्रा धरतात, शिवाय भोवती जाळेही विणतात. कण जागेवर राहतात ते पापुद्र्यामुळे की जाळ्यामुळे, यावर अभ्यासकांचे दोन तट पडले. काटेकोर मंडळी ‘बॅटर’, म्हणजे कालवलेला लगदा, म्हणू लागली, कारखान्यांत जुनाच शब्द टिकला. गंमत अशी की तेल घातल्यावर ‘इमल्शन’ हा शब्द प्रथमच नीट लागू पडतो, आणि अडचणीही तिथेच सुरू होतात. तेलाचे थेंब फार बारीक होतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो, प्रथिने त्यातच गुंततात. सॉसेज मऊ होईल अशी अपेक्षा असताना ते चिवट होते, रंगही फिका पडतो. उलट प्रथिने कमी पडली की शिजताना तेल सुटते. आपल्याकडे मसाल्याला तेल सुटले की भाजी जमली म्हणतात. इथे तो अख्खा घाणा वाया गेला असे समजायचे.

गोव्याच्या चोरीस नावाच्या सॉसेजात हा प्रश्नच येत नाही. तिथे चरबीचे तुकडे दिसायलाच हवेत.

पुढे सोया किंवा दुधाच्या प्रथिनात तेल आधी घोटून मग मांसात मिसळण्याची रीत आली. तेल हायड्रोजनने घट्ट करण्याची जुनी वाट होतीच, पण त्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम कळल्यावर ती बंद होत गेली. भारतातही २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पामतेल मुळातच घट्टसर, पण त्यात निम्मा मेद संपृक्त, हृदयाला वाईट मानला जाणारा, म्हणजे मूळ हेतूच बारगळला. गेल्या दीड दशकात प्रयोगशाळांचे लक्ष ओलिओजेलकडे आहे. द्रव तेलाला एथिल सेल्युलोजसारख्या (वनस्पतींच्या तंतूंपासून केलेल्या) पदार्थाच्या जाळ्यात अडकवून घट्ट करायचे. त्याने सॉसेजचा चिवटपणा कमी होतो. मात्र हे जाळे विणण्यासाठी तेल १४० अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि इतके तापलेले तेल खवट व्हायला वेळ लागत नाही.