अवर्षणसहिष्णू तेलबियांसाठी गुणनिवड (खानदेश)

पावसाने ओढ दिली तरी उत्पादन टिकवून धरतील असे तेलबियांचे वाण तयार करण्यासाठी झाडांचे मोजता येणारे गुण पाहून केलेली निवड. खानदेशात हे काम मुख्यतः भुईमूग आणि तीळ या पिकांवर, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्रात झाले.

येथील अडचण एकूण पावसापेक्षा त्यातील खंडाची आहे. भुईमुगाच्या आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून टोकाशी शेंग धरणारे देठ) सुटण्याच्या वेळी वरची माती वाळून कडक झाली तर आरी आत शिरत नाही. शिरली तरी शेंग आपला कॅल्शियम भोवतालच्या ओल्या मातीतूनच घेत असल्याने ओल नसेल तर ती पोची राहते. मुळे खोल ओलीपर्यंत पोचलेली असली तरी ही उणीव भरून निघत नाही.

निवडीची तात्त्विक चौकट सामान्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ पॅसिउरा यांच्या १९७७ च्या सूत्रावर मांडतात : उत्पादन म्हणजे पिकाने बाष्पोत्सर्जित केलेले (पानांवाटे वाफेच्या रूपात सोडलेले) पाणी, त्या पाण्याच्या वापराची कार्यक्षमता (तेवढ्या पाण्यात तयार झालेले शुष्क वजन) आणि कापणी निर्देशांक (त्या वजनातला उत्पादनाचा वाटा) यांचा गुणाकार. यांतील कार्यक्षमता शेतात थेट मोजणे जिकिरीचे असते. पानातील कार्बनच्या समस्थानिकांच्या (वेगळ्या अणुभाराच्या रूपांच्या) प्रमाणावरून तिचा अंदाज बांधता येतो, पण ती चाचणी महाग पडते. म्हणून पानाच्या जाडीवर भर आला. दर ग्रॅम शुष्क वजनामागे पानाचे क्षेत्रफळ जितके कमी, तितके पान जाड आणि कार्यक्षमता बहुधा अधिक. पानाचा हिरवेपणा मोजणाऱ्या क्लोरोफिलमापकाने हाच अंदाज पान न तोडता घेता येतो; त्यासाठी मुख्य खोडावरचे, शेंड्याकडून दुसरे पूर्ण उमललेले पान घेऊन चारही पर्णिकांवर वाचन करतात. पानाचे वय आणि मोजणीची वेळ सारखी राखली नाही तर आकड्यांची तुलना फसते.

या अप्रत्यक्ष गुणांचा प्रत्यक्ष लाभ किती, यावर मतभेद आहेत. इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि जळगावसह भारतातील काही केंद्रांनी ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने गुणाधारित निवड व केवळ उत्पादनावरून केलेली निवड यांची तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गुणाधारित पद्धतीची सातत्याने सरशी दिसली नाही. तेव्हा हे गुण सुरुवातीच्या पिढ्यांत चाळणीसारखे वापरावेत आणि अंतिम निर्णय कोरडवाहू शेतातील उत्पादनावर सोपवावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खानदेशचा स्वतःचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. ईसी ९४९४३ या परदेशी वाणातून निवडलेला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रसारित झालेला ‘फुले प्रगती’ (जेएल २४) हा भुईमुगाचा उपटा (न पसरता उभा वाढणारा) वाण सुमारे ९० ते ९५ दिवसांत तयार होतो. त्याचे बळ दुष्काळ सोसण्यापेक्षा तो गाठण्याआधी शेंगा भरून घेण्यात आहे. आफ्रिकेतही तो रुजला. मलावीत त्याचे नाव ‘काकोमा’. टिक्का व तांबेरा या रोगांना मात्र तो लवकर बळी पडतो आणि बियाण्याला सुप्तावस्था नसल्याने काढणीला पाऊस लागला तर दाणे शेंगेतच उगवतात. लवकर पक्वतेला सुप्तावस्थेची जोड देणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

तिळात जळगावहून ‘तापी’ (जेएलटी ७) व ‘पद्मा’ (जेएलटी २६) हे वाण आले. या पिकात लवकर पक्वतेबरोबरच बोंडांची संख्या आणि पिकल्यावर बोंडे फुटून बी गळण्याचे प्रमाण पाहिले जाते.