रेफ्री-अंपायरांचा व्हिडिओ अभ्यास

मॅच झाल्यावर रेफ्री, अंपायर, लाइन्समन ही मंडळी आपणच चालवलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग पुन्हा बघतात, कुठला निर्णय बरोबर होता, कुठला चुकला आणि का चुकला ते शोधतात, याला व्हिडिओ अभ्यास किंवा व्हिडिओ रिव्ह्यू म्हणतात. क्रिकेटमधला डीआरएस किंवा फुटबॉलमधला व्हीएआर म्हणजे हे नव्हे. त्यात चालू मॅचमधला एखादा निर्णय तिथल्या तिथे तपासतात, आणि हा अभ्यास मॅच संपल्यावर, पुढच्या मॅचसाठी करायचा असतो. लोक या दोन्हींची फार गल्लत करतात, त्यामुळे व्हिडिओ म्हटलं की अंपायरची चूक पकडायचं साधन एवढंच डोक्यात येतं, आणि ज्यांना त्याचा सगळ्यात जास्त फायदा होऊ शकतो ते अंपायरच त्याच्यापासून लांब राहतात.

खेळाडू आणि कोच मॅचची फिल्म बघून तयारी करतात ही जुनीच गोष्ट आहे, अधिकाऱ्यांपर्यंत ती पद्धत बरीच उशिरा आली. आधी आला टीव्ही रिप्ले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये १९८६ ला रिप्ले सुरू झाला, १९९१ नंतर बंद झाला आणि १९९९ ला परत आला. क्रिकेटमध्ये नोव्हेंबर १९९२ च्या डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकरला थर्ड अंपायरने रिप्ले बघून रनआउट दिलं, असा आउट झालेला तो पहिलाच बॅट्समन. प्रत्येक चूक घराघरात दहादहा वेळा दिसायला लागली म्हटल्यावर अधिकाऱ्यांना स्वतःची मॅच नीट बघण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. बेसबॉलमध्ये २००१ मध्ये क्वेसटेक नावाची कॅमेऱ्यांची सिस्टीम काही मैदानांवर लावली गेली, तिच्यात अंपायरने दिलेला प्रत्येक बॉल-स्ट्राइक (पिचरने टाकलेला बॉल ठरलेल्या पट्ट्यातून गेला की बाहेरून) तपासून मॅचनंतर त्याच्यापुढे ठेवता यायचा. अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए तर २०१५ पासून अटीतटीच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्टच जाहीर करते, त्यात शिट्टी वाजवून दिलेले निर्णय असतात आणि जिथे शिट्टी वाजायला हवी होती पण वाजली नाही तेही असतात. क्रिकेटमध्ये आयसीसीने २००२ ला निवडक वरच्या दर्जाच्या अंपायरांचं एलिट पॅनेल केलं. ऑस्ट्रेलियाचा सायमन टॉफेल २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम अंपायर होता, तो २०१२ ला मैदानातून बाहेर पडला ते थेट आयसीसीच्या अंपायर ट्रेनिंगच्या कामावर. इतक्या मोठ्या अंपायरला पुढचं काम म्हणून दुसऱ्या अंपायरांना घडवायला दिलं, यातच या गोष्टीला किती वजन आलं ते दिसतं.

एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गालारागा हा बेसबॉलचा पिचर (बॉल टाकणारा) परफेक्ट गेमच्या, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता मॅच संपवायच्या, उंबरठ्यावर होता, समोरचे सव्वीसच्या सव्वीस बॅटर आउट झालेले आणि फक्त एक बाकी. सत्ताविसाव्या बॅटरला पहिल्या बेसवर जिम जॉयस या अंपायरने सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. रिप्लेमध्ये तो स्पष्ट आउट होता, पण तेव्हा असा निर्णय रिप्लेवर बदलायची सोय बेसबॉलमध्ये नव्हती, ती २०१४ ला आली. मॅच संपल्यावर जॉयसने आत जाऊन व्हिडिओ बघितला, आपण चुकलो हे सरळ सगळ्यांसमोर मान्य केलं आणि गालारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉयसच होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथे) अंपायर होता आणि टीमची लाइनअप त्याच्या हातात द्यायला गालारागाच आला. आता अशा क्लिपमधून चुकलो एवढंच घ्यायचं का? पहिल्या बेसवरचा अंपायर साधारण नजर बेसवर, पायावर ठेवतो आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानाने टिपतो. बॉल ग्लोव्हच्या टोकात अलगद अडकला किंवा प्रेक्षकांचा गलका जास्त असला तर तो आवाज दगा देतो. म्हणजे या जागचा कुठलाही निर्णय तपासताना अंपायर कुठे उभा होता, कुठे बघत होता आणि कशावर विसंबून होता हे आधी विचारायला पाहिजे, आउट की सेफ ते नंतर.

कसं बघायचं

बरेच जण इथेच घाई करतात, थेट वादाचा निर्णय काढायचा, दोनदा बघायचा, बरोबर निघाला की लॅपटॉप बंद. त्याने काही हाती लागत नाही. व्हिडिओ लावायच्या आधी आठवणीतून लिहून काढावं की कुठल्या मिनिटाला काय दिलं, काय दिसलं होतं आणि किती खात्री होती, कारण एकदा रेकॉर्डिंग बघितलं की मूळ आठवण त्यात मिसळते आणि मग मला तर हे दिसलंच होतं असं प्रामाणिकपणे वाटायला लागतं. मग पूर्ण मॅच एकदा नॉर्मल स्पीडने, कॉमेंट्री बंद करून बघायची. कॉमेंट्री चालू ठेवली तर कॉमेंटेटरचं मत आपलं मत होऊन बसतं.

त्यानंतर एकेक क्लिप. जागा, नजर आणि वेळ या तीन गोष्टींतच बहुतेक उत्तरं सापडतात. फुटबॉलचा ऑफसाइड घ्या, म्हणजे पास दिला त्या क्षणी फॉरवर्ड बॉलच्या आणि समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे, गोलच्या जवळ असणं. असिस्टंट रेफ्रीने शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबर रेषेत राहायचं असतं, तो दीड-दोन पावलं गोललाइनकडे सरकलेला असला तर नजरेचा कोन बदलतो आणि डिफेंडरच्या पलीकडच्या बाजूने धावणारा फॉरवर्ड रेषेत असूनही पुढे गेलेला दिसतो, उलट अलीकडच्या बाजूचा फॉरवर्ड थोडा पुढे असूनही रेषेत वाटतो. डच संशोधकांनी २००० मध्ये नेचर या नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं, की ऑफसाइडच्या बऱ्याच चुका या नुसत्या उभं राहायच्या जागेमुळे होतात. म्हणजे डोळे चांगले, नियम पाठ, निष्पक्षपणाबद्दल शंका नाही, तरी निर्णय चुकणार. अशा माणसाला नियमांचं पुस्तक पुन्हा वाचायला सांगून काय उपयोग, त्याला स्वतःचे पाय दाखवायला पाहिजेत, आणि ते फक्त व्हिडिओच दाखवू शकतो.

नजरेचंही तसंच. बास्केटबॉलमध्ये तीन रेफ्री असले की कोर्टचे भाग वाटून घेतलेले असतात, बॉल ज्याच्या भागात त्याने बॉलकडे बघायचं आणि बाकी दोघांनी बॉलपासून लांब काय ढकलाढकली चाललीय त्यावर लक्ष ठेवायचं. रेकॉर्डिंगमध्ये कितीदा तरी दिसतं की तिघांचेही चेहरे बॉलकडेच वळलेत आणि मागे एक जण पडलाय. मॅच चालू असताना हे तिघांपैकी एकालाही कळत नाही. क्रिकेटमध्ये बॉलरच्या टोकाच्या अंपायरला पुढच्या पायाची रेषा बघून लगेच मान वर करून बॅट्समनकडे नजर न्यायची असते, ती मान उशिरा उठत असेल तर एलबीडब्ल्यूला बॉलचा टप्पा कुठे पडला तेच नीट दिसत नाही.

न दिलेले निर्णय शोधणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, माझ्या मते सगळ्यात मोलाचंही. शिट्टी वाजलेली जागा कोणीही शोधून काढतो, न वाजलेली शोधायला नव्वद मिनिटं न कंटाळता बघावी लागतात.

आणि निर्णय सोडून वागणं बघायचं. सिग्नल स्पष्ट होता का, कार्ड दाखवताना हात खेळाडूच्या तोंडाजवळ गेला का, कॅप्टन बोलायला आला तेव्हा पाठ फिरवली का, शिट्टी दबकत वाजली का. बरोबर दिलेला निर्णयसुद्धा अडखळत दिला तर मैदानात कुणाला पटत नाही, आणि आपण अडखळतो हे आपलं आपल्याला आतून कधीच कळत नसतं.

स्लो मोशन आणि कॅमेऱ्याच्या मर्यादा

स्लो मोशन जपून वापरायला लागतं. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की तीच घटना सावकाश दाखवली की बघणाऱ्याला ती जास्त जाणूनबुजून केल्यासारखी वाटते. साधा उशिरा पोचलेला टॅकल सावकाश बघितला की पाय मोडायचाच विचार होता असं वाटायला लागतं. फुटबॉलच्या व्हीएआर नियमावलीतही म्हणूनच सांगितलंय की टक्कर कुठे झाली, बॉल बाहेर गेला का असल्या गोष्टींसाठी स्लो मोशन आणि फाउल किती जोराचा होता हे ठरवायला नॉर्मल स्पीड. स्वतःचा अभ्यास करतानाही हाच नियम पाळलेला बरा, नाहीतर मॅचमध्ये कुणालाच दिसू शकलं नसतं ते दिसलं नाही म्हणून माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

कॅमेरा म्हणजे काही अंपायरचा डोळा नव्हे. लांबून झूम केलेल्या चित्रात पुढचं-मागचं अंतर आक्रसतं, दोन खेळाडू चिकटलेले वाटतात आणि प्रत्यक्षात मध्ये हातभर जागा असते. बॉलरच्या मागचा कॅमेरा जरा जरी बाजूला असला तरी एलबीडब्ल्यूची लाइन वेगळी दिसते. शिवाय टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे फिरतो, त्यामुळे रेफ्री फ्रेममध्येच नसतो आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून शक्य तिथे उंचावरून अख्खं मैदान दिसेल असं एक वाइड रेकॉर्डिंग वेगळं ठेवतात, छोट्या स्पर्धेत स्टँडवर लावलेला मोबाइलसुद्धा चालतो. रेफ्रीच्या अंगावरचा कॅमेराही आता आलाय, मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगच्या एका मॅचला जॅरेड जिलेट या रेफ्रीने तो घातला होता आणि २०२५ च्या फुटबॉल क्लब वर्ल्डकपमध्ये रेफ्रींनी तो वापरला. त्यात रेफ्रीला त्या क्षणी कुणाच्या पाठीआड काय लपलं ते जवळजवळ त्याच्याच नजरेतून दिसतं.

कुणाबरोबर बघायचं

एकट्याने बघितलं तर माणूस एकतर स्वतःला सोडून देतो किंवा सोलून काढतो. अनुभवी कोच किंवा सिनियर अधिकारी बरोबर असला की तोल राहतो, फक्त क्लिप लावल्यावर आधी ज्याची मॅच त्याने बोलायचं, सिनियरने नंतर. सिनियर आधी बोलला की धाकटा नुसती मान डोलावतो. एका बैठकीत थोड्याच क्लिप्स घ्याव्यात आणि त्यात चांगले निर्णयही असावेत, कारण जे जमलं ते का जमलं हेही कळायला हवं. दुसरा एक चांगला प्रकार म्हणजे टक्कर झाल्या झाल्या क्लिप थांबवायची आणि दोन-तीन सेकंदांत निर्णय मागायचा, गटातल्या प्रत्येकाने कागदावर लिहायचा आणि मग जुळवून बघायचं. उत्तरं वेगवेगळी आली की खरी चर्चा तिथून सुरू होते, आणि एकाच स्पर्धेतले सगळे रेफ्री एकसारखे निर्णय द्यायला लागतात ते अशाच बैठकांतून.

मॅचच्या आधीही व्हिडिओ बघतात. इटलीचा फुटबॉल रेफ्री पियरलुइजी कोलिना दोन्ही टीम्स कशा खेळतात याचा आधीच अभ्यास करून उतरायचा हे प्रसिद्ध आहे. कॉर्नरला कोण कुठे उभं राहतं, लांब पास कुठून येतो हे माहीत असलं की रेफ्री योग्य जागी वेळेत पोचतो. पण अमुक खेळाडू नाटक करतो असं मनात धरून उतरलं तर त्याच्यावर खरा फाउल होईल तेव्हाही शिट्टी वाजणार नाही, त्यामुळे अभ्यास खेळण्याच्या पद्धतीचा करावा, माणसाच्या स्वभावाचा नाही.

खालच्या पातळीवर रेकॉर्डिंग बहुतेक वेळा क्लबचं किंवा पालकांचं असतं, ते मागून घ्यावं लागतं. मुलांच्या मॅचचं असेल तर ते अभ्यासापुरतंच ठेवायचं, पुढे पाठवायचं नाही, आणि सहकाऱ्याच्या चुकीची क्लिप त्याला न विचारता ग्रुपवर टाकायची नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी कुणीच आपली क्लिप द्यायला तयार होत नाही.