हॅट आली पडद्यावरून, पिवळी टोपी राहिली मागे

ठाण्यातल्या एकांकिकेच्या ग्रुप्समध्ये आणि पलीकडे नेरूळ-खारघरच्या शॉर्टफिल्मवाल्या पोरांमध्ये सध्या पीरियड क्राईमचं, म्हणजे जुन्या काळातल्या गुन्हेगारीच्या गोष्टींचं वारं आहे आणि बहुतेकांची सुरुवात हॅटपासूनच होते. गोष्ट १९४८ ची असो की १९६५ ची, गुन्हेगार आला की हॅट आली, लांब कोट आला, वरून एक लाईट आला. हे सगळं आपल्याकडे आलं कुठून ते एकदा नीट मांडायला हवं, कारण त्यावर खर्च होतो आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी होतो.

फार मागे जायची गरज नाही. फेडोरा, म्हणजे गुंडाच्या डोक्यावरची ती मऊ, रुंद कडेची हॅट, हे नाव १८८२ च्या एका फ्रेंच नाटकातून आलं आणि ती आधी नटीच्या डोक्यावर होती, ट्रिल्बीचं, म्हणजे तिच्याच अरुंद कडेच्या बहिणीचं नाव १८९४ च्या इंग्रजी कादंबरीतून. गोल कडक बोलर हॅट तर १८४९ मध्ये लंडनला शिकारीच्या जंगलातल्या राखणदारांसाठी बनवली, फांद्या डोक्याला लागू नयेत म्हणून. गुन्हेगारीशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. तो अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) जोडला गेला आणि तोही तेव्हा सगळेच पुरुष हॅट घालत होते म्हणून. तीसच्या दशकातल्या गँगस्टर पिक्चरमधले कपडे त्या माणसांना रोजचेच होते, पीरियड वगैरे काही नाही. १९३४ पासून तिकडचे सेन्सॉरचे नियम कडक झाले, गुंडाला हिरो करणं अवघड झालं, तर तीच हॅट लगेच सरकारी एजंटाच्या डोक्यावर गेली. साठच्या दशकात ती रस्त्यावरून जवळपास गायब झाली आणि मग कुठे ‘जुन्या काळाची खूण’ बनली. १९६७ मध्ये बँक लुटणाऱ्या एका जोडप्यावर सिनेमा आला आणि बेरे या मऊ चपट्या टोपीची फॅशनच सुरू झाली, तेव्हापासून पीरियड क्राईमचे कपडे दुकानात विकले जातात हे सगळ्यांना कळलं.

आपल्याकडच्या पन्नासच्या दशकातल्या क्राईमपटांनी ही हॅट त्या अमेरिकन ब्लॅक अँड व्हाईट पिक्चरवरून उचलली. ते पिक्चर छान आहेत, हॅटची कड खाली केली की डोळ्यांवर सावली येते, मारामारीत डुप्लिकेट लपतो, कॅमेरामनला काम सोपं. पण ते पिक्चर म्हणजे तेव्हाच्या मुंबईचा पुरावा नाही, आणि आजचे लोक नेमका तोच पुरावा म्हणून धरतात, म्हणजे सिनेमावरून सिनेमा.

रस्त्यावर काय होतं ते जुने ग्रुप फोटो काढून बघा. धोतर, कोट, काळी टोपी म्हणजे बहुतेक कारकून किंवा मास्तर. पांढरी गांधी टोपी, गोंडेवाली तुर्की टोपी, पारशी पगडी, कोळ्याची लाल टोपी, साहेबाची उन्हासाठीची कडक सोला टोपी. फेल्टची, म्हणजे नमद्याच्या कापडाची हॅट दिसायची, नाही असं नाही, पण अँग्लो इंडियन, गोवेकर ख्रिश्चन, काही पारशी, आणि सिनेमा किंवा रेसकोर्सच्या वर्तुळातले लोक. टोपी बघून माणसाची जात, धंदा, राजकारण कळायचं. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला त्या दिवशीपासून जी दंगल झाली त्यात लोकांच्या डोक्यावरच्या परदेशी टोप्या हिसकावल्या गेल्या, परदेशी कपडे घातलेल्यांना मारहाण झाली. ज्या शहरात हॅट घालून बाहेर पडण्याचा हा अर्थ होऊ शकत होता तिथे स्क्रिप्टमधला प्रत्येक गुंड बिनधास्त हॅट घालून फिरतो, याचा विचार लिहिणाऱ्याने करायलाच हवा.

आपल्या भागाचं तर आणखीच वेगळं. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि खाडीच्या खारफुटीत हातभट्ट्या लागल्या. आज जिथे वाशी-बेलापूर आहे तिथे तेव्हा भातशेती, मिठागरं आणि गावं होती, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७० मध्ये. टायरच्या ट्यूबमध्ये दारू भरून नेणारा माणूस बनियन, हाफ पँट, डोक्याला रुमाल असाच असणार, आणि मला तरी तो हॅटवाल्यापेक्षा जास्त खरा वाटतो. सुटाचं कापड मात्र ठाण्याचं असू शकतं, कारण इथली लोकरीची मिल १९२५ ची, सुरुवातीला जाडं ब्लँकेटचं कापड आणि थोडं स्वस्त लोकरी कापड करायची, भारी सूटिंगचं नाव नंतर झालं.

आता पोलिसांचा मुद्दा, यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. मुंबईच्या हवालदाराचा पोशाख ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गडद निळा शर्ट, निळी हाफ पँट आणि डोक्यावर चपटी पिवळी टोपी असा होता, खाकी इन्स्पेक्टरची. मग सरकारने हाफ पँट बंद केली, हवालदारालाही खाकी फुल पँट आली. तेव्हाही दोन बाजू होत्या आणि आजही बोलताना निघतात. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला हाफ पँटमध्ये रस्त्यावर उभं करायचं आणि साहेब मात्र फुल पँटमध्ये, हा इंग्रजांच्या काळातला अपमान होता असं एक म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटतं. दुसरं म्हणणं असं की पिवळी टोपी गर्दीत लांबून दिसायची, लोकांना मदतीला कुठे धावायचं ते कळायचं, ती टोपी तरी ठेवायला हवी होती. यातही तथ्य आहेच. पण निर्णय बरोबर होता म्हणून तो तीस वर्षं मागे नेता येत नाही ना. आज १९५५ च्या गोष्टीत सर्रास खाकी फुल पँटवाला हवालदार उभा करतात. कारण विचारलं तर म्हणतात पिवळी टोपी दिसली की लोकांना कॉमेडी वाटते. ती कॉमेडी वाटते कारण नंतरच्या सिनेमांनी हवालदाराला फक्त विनोदासाठी वापरला, त्यात टोपीचा काय दोष. एखाद्या गंभीर सीनमध्ये रात्री गल्लीच्या टोकाला ती पिवळी टोपी दिसली तर काय परिणाम होईल, कोणी करून तरी बघा.

आणखी एक घोळ ब्लॅक अँड व्हाईटमुळे होतो. त्या पिक्चरमध्ये निळा शर्ट काळपट दिसतो, पिवळी टोपी फिकट, जवळजवळ पांढरी. त्यावरून रेफरन्स घेणारा पांढरी टोपी शिवून घेतो. रंगीत फोटो, साठ-सत्तरच्या दशकातले रंगीत सिनेमे यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय ड्रेसवाल्याला ऑर्डर देऊ नये.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा प्रकार जोरात आला. २०१३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टोळीवरची ब्रिटिश सिरीज सुरू झाली, मग ती आठ कळ्यांची चपटी कॅप इकडच्या पोरांच्या डोक्यावरही दिसायला लागली. २०१५ मध्ये आपल्याकडे एकाच वर्षी दोन मोठे सिनेमे आले, एकात साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभी केली, क्लब, सूट, झगमगाट, आणि दुसऱ्यात १९४३ च्या कलकत्त्यातला डिटेक्टिव्ह सरळ धोतरात. धंदा दोघांचाही फार झाला नाही पण कपड्यांच्या बाबतीत दुसऱ्याने दाखवलेला रस्ता आपल्या कामाचा आहे, धोतर नेसलेला माणूसही खुनाचा तपास करू शकतो आणि तो कमी स्टायलिश दिसत नाही.

हॅट वापरायचीच असेल तर निदान ती बघून घ्या. भाड्याने मिळते ती बऱ्याचदा अरुंद कडेची, चकचकीत सॅटिनची रिबन गमने चिकटवलेली, म्हणजे फॅशनच्या दुकानातली ट्रिल्बी. चाळीसच्या दशकाला कड रुंद हवी, पुढून खाली, मागून वर. आत चामड्याची पट्टी असते, घामाने काळी पडलेली. रिबनची गाठ पुरुषाच्या हॅटला डाव्या कानाच्या बाजूला येते, उजवीकडे दिसली तर हॅट उलटी घातलीय, आणि हे क्लोजअपमध्ये लगेच कळतं. स्वस्त लोकरीचं फेल्ट आपल्या दमट हवेत लोळागोळा होतं, मग कलबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या साच्यावर वाफ देऊन परत बसवावं लागतं, ते करणारी माणसं आता थोडी उरलीत. खाकी मात्र कुठल्याही ड्रेसवाल्याकडे लटकलेली असते, दहा मिनिटांत मिळते. पिवळी टोपी मुद्दाम शिवून घ्यावी लागते, आणि बजेट कापायला बसले की पहिली तीच जाते.