पिवळा रुमाल कधी पडतो? अमेरिकन फुटबॉलमधील सुरक्षा-नियमांच्या वादाची पार्श्वभूमी

१२ ऑगस्ट १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि ओकलंड रेडर्स या संघांत हंगामापूर्वीचा सराव सामना सुरू होता. त्याच्या निकालाने गुणतक्त्यात काहीही फरक पडणार नव्हता. पेट्रियट्सचा २६ वर्षांचा रिसीव्हर डॅरिल स्टिंग्ली आपल्याकडे फेकलेला चेंडू पकडायला झेपावला. चेंडू हाती लागला नाही आणि समोरून वेगाने आलेल्या, रेडर्सच्या जॅक टेटमची धडक मात्र त्याला बसली. मानेचे मणके मोडले. स्टिंग्ली त्यानंतर कधीही चालू शकला नाही. २००७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या धडकेवर पंचांनी नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला नव्हता, आणि त्यात पंचांचे काही चुकले असेही म्हणता येत नाही, कारण त्या वेळच्या नियमांप्रमाणे ती धडक वैध होती.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, आज पंचांच्या निर्णयांवरून जो वाद दर आठवड्याला पेटतो त्याचे मूळ या प्रसंगात स्पष्ट दिसते. या खेळात धडक हा अपघात नसून डावपेचाचा भाग आहे. चेंडू नेणाऱ्याला जमिनीवर पाडणे, म्हणजेच टॅकल करणे, हेच बचाव करणाऱ्याचे काम. त्यामुळे वैध टॅकल कोठे संपतो आणि नियमभंग कोठे सुरू होतो, ही रेषा दर पिढीला नव्याने आखावी लागली. बहुतेक वेळा ती कोणाचे तरी शरीर कायमचे अधू झाल्यावरच आखली गेली.

पहिली मोठी रेषा एनएफएलच्या जन्माआधीची आहे. १९०५ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन व शालेय फुटबॉलमध्ये इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. खेळाडू एकमेकांना बिलगून पाचरीसारखा जथा करीत आणि त्या जथ्याने प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडत. १९०६ च्या सुधारणांनी चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी दिली आणि दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी पट्टी ठेवली. आज या खेळाचे सौंदर्य म्हणून ज्याचे कौतुक होते तो लांब पास मुळात जीव वाचवण्याच्या उपायांपैकी एक होता, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी वाटते. ‘सुरक्षेपायी खेळ बिघडला’ ही तक्रार आजही ऐकू येते. पण खेळाला आजचे रूप मिळाले तेच मुळी सुरक्षेच्या चिंतेतून.

एनएफएलची स्थापना १९२० साली ओहायोतील कँटन येथे झाली. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला विनाकारण रगडल्यास १५ यार्डांची शिक्षा (चेंडू तितका प्रतिस्पर्ध्याच्या फायद्यात सरकतो) १९३८ मध्ये आली आणि हेल्मेट १९४३ मध्ये सक्तीचे झाले. पुढे कडक प्लॅस्टिकचे हेल्मेट आणि त्यावर तोंडापुढे जाळी आली. त्यांनी कवटी, नाक व दात वाचवले, पण खेळाडूच्या हाती नकळत एक हत्यारही दिले, कारण चेहरा सुरक्षित झाल्यावर डोके पुढे करून धडकण्याची भीती राहिली नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो तो मात्र त्याला थांबवता येत नाही. जाळी पकडून ओढण्यावर बंदी आली, १९७७ मध्ये डोक्यावर चपराक मारण्यावरही आली, तरी मेंदूच्या इजेचा प्रश्न बरीच वर्षे कोणी नीट विचारलाच नाही.

१९९४ मध्ये लीगने मेंदूच्या सौम्य दुखापतींसाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद एलियट पेलमन या संधिवाततज्ज्ञाकडे दिले. मेंदूच्या समितीवर संधिवाताचा डॉक्टर, ही निवड आज वाचतानाही खटकते. २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा विख्यात सेंटर (आघाडीच्या रांगेच्या मध्यावरचा खेळाडू) माइक वेब्स्टर ५० व्या वर्षी वारला. शेवटची वर्षे त्याने स्मृतिभ्रंश, वेदना आणि बेघरपणात काढली होती. मूळचे नायजेरियाचे असलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार बसलेल्या हादऱ्यांनी होणारा मेंदूचा ऱ्हास, ज्याला सीटीई म्हणतात, त्यात आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. लीगच्या समितीतील डॉक्टरांनी तो शोधनिबंध मागे घेण्याची मागणी केली. २००९ च्या अखेरीस, अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सुनावणीत लीगचे प्रमुख (कमिशनर) रॉजर गुडेल यांना कठोर प्रश्नांना तोंड द्यावे लागल्यानंतर, लीगची भाषा बदलू लागली. मात्र फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे असे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला २०१६ साल उजाडले. दरम्यान हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले होते. २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली, पण ती रक्कम पुरेल की नाही अशी शंका न्यायाधीशांनी घेतल्यामुळे पुढे नुकसानभरपाईवरची एकूण मर्यादाच काढण्यात आली.

याच काळात नियमांचा वेग वाढला आणि त्यांचे ओझे मैदानावरील सात पंचांवर येऊन पडले. ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच रविवारच्या धडकांबद्दल तीन खेळाडूंना जबर दंड झाला. त्यांतील जेम्स हॅरिसनला ७५,००० डॉलर भरावे लागले. ‘असहाय स्थितीतील खेळाडू’ ही संकल्पना विस्तारत गेली. पास पकडण्याच्या प्रयत्नात असलेला आणि स्वतःचा बचाव करू न शकणारा खेळाडू, म्हणजे स्टिंग्ली ज्या अवस्थेत होता नेमक्या त्याच अवस्थेतील खेळाडू, आता नियमाच्या संरक्षणाखाली आला.

पंचांचे मोल किती, हे २०१२ मध्ये दिसले. निवृत्तिवेतनावरून वाद झाल्याने लीगने नियमित पंचांना कामापासून दूर ठेवले आणि बदली पंच उभे केले. खेळाडूंच्या संघटनेने हा आपल्या सुरक्षेशी खेळ असल्याचे सांगितले. २४ सप्टेंबरला सिअ‍ॅटल सीहॉक्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्या सामन्यातील शेवटच्या चेंडूवर दोन पंच एकमेकांशेजारी उभे होते. एकाने दोन्ही हात वर करून टचडाउनची, म्हणजे गोल रेषेपार चेंडू पोहोचून गुण झाल्याची, खूण केली, दुसऱ्याने हात हलवून वेळ थांबवल्याची. टचडाउन मान्य झाल्याने सिअ‍ॅटल १४–१२ ने जिंकले आणि दोन दिवसांत लीगने पंचांशी समझोता केला.

तरीही अनुभवी पंच परतल्याने प्रश्न सुटला नाही, कारण तो माणसांपेक्षा नियमांच्या स्वरूपाचा होता. २०१८ मध्ये दोन गोष्टींवर भर आला: डोके खाली घालून धडक देणे हा नियमभंग ठरला आणि क्वार्टरबॅकवर अंगाचा सारा भार टाकून पडणाऱ्याला शिक्षा करण्याचा आग्रह पंचांकडे धरण्यात आला. पहिल्याला पिट्सबर्गच्या रायन शेझियरच्या कण्याच्या दुखापतीची पार्श्वभूमी होती. दुसऱ्याचे पडसाद लगेच उमटले. ग्रीन बेच्या क्ले मॅथ्यूजने मिनेसोटाच्या कर्क कझिन्सला पाडले. पंचांनी रुमाल टाकला, त्यामुळे मिनेसोटाचा ग्रीन बेने मध्येच पकडलेला पास रद्द झाला आणि सामना २९–२९ असा बरोबरीत सुटला. पुढच्याच आठवड्यात मायामीचा विल्यम हेज ओकलंडच्या क्वार्टरबॅकला पाडत असताना त्याच्यावर भार पडू नये म्हणून हवेतच अंग वळवू लागला आणि त्या प्रयत्नात त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. एकाला वाचवणाऱ्या नियमाने दुसऱ्याचा हंगाम संपवला. नियम मागे घ्यावा असे मला यावरून वाटत नाही; पण सव्वाशे किलोचा देह हवेत असताना त्याचा भार कोठे पडेल हे आधी त्या खेळाडूने आणि मग पंचाने क्षणार्धात ठरवावे, ही अपेक्षा किती अवघड आहे ते हेजच्या गुडघ्याने दाखवून दिले.

मग चित्रफीत पाहून निर्णय का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच येतो. ही सोय, म्हणजे रिप्ले, लीगने १९८६ मध्ये आणला, १९९१ च्या हंगामानंतर बंद केला आणि १९९९ मध्ये पुन्हा सुरू केला. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्या उपांत्य सामन्यात पास पकडणाऱ्याला केलेल्या उघडउघड अडथळ्यावर रुमाल पडला नाही, म्हणून पासमधील अडथळा रिप्लेच्या कक्षेत आला. एका हंगामाच्या गोंधळानंतर तो पुन्हा वगळला गेला. क्वार्टरबॅकला रगडल्याचा निर्णयही रिप्लेने तपासता यावा, हा प्रस्ताव संघमालकांनी २०२३ मध्ये फेटाळला. मंद गतीत प्रत्येक धडक मुद्दाम केल्यासारखी दिसते, ही त्यातील खरी अडचण आहे.

मार्च २०२४ मध्ये आलेली ‘हिप-ड्रॉप टॅकल’वरील बंदी हा या मालिकेतील अलीकडचा अध्याय. बचाव करणारा धावणाऱ्याला दोन्ही हातांनी धरतो, कंबर वळवून स्वतःचे वजन सोडून देतो आणि त्याच्या पायांवर कोसळतो. घोटा किंवा गुडघा त्याच्या भाराखाली अडकून पिळला जातो. इतर टॅकलच्या तुलनेत या टॅकलमुळे दुखापतीचे प्रमाण सुमारे २० पट असते, असे लीगने सांगितले. संघमालकांनी बंदी एकमताने मंजूर केली. खेळाडूंची संघटना मात्र विरोधात होती, कारण खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच या सर्वांचाच यामुळे गोंधळ उडेल असे तिचे म्हणणे होते. नियमात १५ यार्डांची शिक्षा लिहिलेली असली, तरी हंगाम सुरू होण्यापूर्वीच लीगच्या अधिकाऱ्यांनी सांगून टाकले की अंमलबजावणी मैदानावरील रुमालापेक्षा, सामन्यानंतर चित्रफिती पाहून पाठवलेल्या ताकीद आणि दंडाच्या पत्रांतूनच अधिक होईल.