प्रणयकादंबरीचे माध्यमांतर

प्रणयकादंबरीचे माध्यमांतर : प्रेमसंबंध हा गाभा असलेल्या, पण अनेक निवेदक, मागेपुढे होणारा काळ किंवा दीर्घ आत्मसंवाद यांमुळे गुंतागुंतीच्या झालेल्या कादंबरीवरून पटकथा सिद्ध करण्याची प्रक्रिया. ‘रूपांतर’ ही संज्ञाही रूढ आहे. मात्र परभाषेतील नाटके मराठी वेशात आणण्यासाठी ती पूर्वीपासून वापरली जात असल्याने येथे ‘माध्यमांतर’ अधिक नेमकी ठरते.

‘कादंबरी’ हा शब्दच बाणभट्टाच्या (सामान्यतः इ. स. सातव्या शतकाचा पूर्वार्ध) प्रणयकथेवरून आला. तीत पोपट राजाला कथा सांगतो, त्या कथेत जाबाली ऋषी सांगू लागतात आणि त्यांच्या कथनात महाश्वेता आपली हकिकत सांगते. उत्तरार्ध बाणाच्या मुलाने पुरा केला. त्याचे नाव भूषण की पुलिंद याविषयी एकमत नाही. कथनाच्या या घड्या पडद्यावर कशा उलगडायच्या, हाच माध्यमांतराचा मूळ प्रश्न होय. मराठी पडद्यावर कादंबरीकार ना. ह. आपटे यांच्या लेखनावरील ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट जुना दाखला मानतात. संवादांचा प्रश्न मात्र त्यांच्याच कादंबरीवरील ‘कुंकू’ या बोलपटापासून (१९३७) तपासणे अधिक सयुक्तिक.

कादंबरीच्या चित्रपटहक्कांचा करार लेखी लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नसेल तर भारतापुरते धरतात. वेगळी तरतूद नसल्यास वर्षभरात न वापरलेला हक्क लोप पावतो. हक्क विकल्यावरही विपर्यासाविरुद्ध लेखकाला कलम ५७चा आधार राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीविषयीच्या खटल्यात (१९८६) दिल्ली उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

काय गाळायचे याच्या आधी कोण सांगणार हे ठरवावे लागते. प्रत्येक प्रसंगाच्या कार्डावर घटना, ती कोणाला ठाऊक आहे आणि तिचे साल लिहितात. कार्डे एकदा काळाच्या क्रमाने व एकदा कादंबरीच्या क्रमाने लावली की नुसत्या आठवणी वेगळ्या पडतात. मग वनलाइन (एकेका ओळीत प्रसंगांचा क्रम), त्यानंतर पटकथा. एक पान म्हणजे सुमारे एक मिनिट, त्यामुळे तीनशे पानी कादंबरी ११०–१२० पानांत बसवावी लागते. घोटाळा बहुधा आत्मसंवादात होतो. मनातली वाक्ये नायिकेच्या तोंडी घातली की ती भाषण करते. सगळी निवेदनात टाकली की चित्र मुके होते. त्याऐवजी मनातले कृतीतून दाखवावे : दोन कपांचे आधण ठेवणारा हात एके दिवशी एकाच कपाचे ठेवतो. हे कळावे म्हणून दोन कप आधी किमान दोनदा दिसले पाहिजेत. मैत्रिणीचे दुय्यम पात्र गाळताना जपावे : नायिका ज्याच्यापाशी बोलते ते माणूसच नाहीसे होते.

ठाणे–नवी मुंबईतील कथानकात काळाचे भान विशेष हवे. मानखुर्द–वाशी लोकल १९९२ची, ठाणे–वाशी २००४ची. १९८५ सालच्या प्रेमिकांना ठाण्याहून वाशीला लोकलने नेता येत नाही. ठाण्याचे नाट्यगृह गडकरी रंगायतन (१९७८) मात्र चालते. खाडीकाठी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारणतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसतात, म्हणून पावसाळी भेटीच्या चौकटीत ते नकोत. भरती-ओहोटीत सुमारे सहा तासांचे अंतर असते. लांब संवाद दुपारभर चित्रित केला तर पहिल्या शॉटमध्ये पाणी आणि शेवटच्यात चिखल दिसतो.