हात हालत नाही, मग पार्किन्सन कसा?

"हात तं हालत नाई बुढ्याचा, मंग कायचा पार्किन्सन?" आपल्याकडे पारावर हे हमखास ऐकू येतं. पार्किन्सनला मराठीत कंपवात म्हणतात, अन् कंपवात म्हणजे थरथर, एवढंच डोक्यात बसलंय. नावानंच घोळ केला म्हणा ना! थरथर पुष्कळांना होते, पण काहींना होतच नाही. त्यांची हालचाल मंदावते, अंग आखडतं.

आणि बरंचसं दुखणं हालचालीचं नसतंच. वरणावर ताजा सांबार (पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर) टाकला तरी वास येत नाही. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो, अन् घरचे बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. मेंदूतल्या डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात हे खरंच, पण बिघाड वासाच्या केंद्रात आणि आतड्याच्या मज्जातंतूंतही सापडतो. म्हणून ही लक्षणं थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. नुसत्या बद्धकोष्ठानं मात्र कोणी घाबरू नये. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, त्या इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधात झोपेची आणि पोटाची तक्रार नोंदवली होती. आपल्यापर्यंत पोचली ती फक्त थरथर.

उदासीचं तर विचारूच नका. वावरात जायचं मन होत नाही, तर गाव त्याला आळशी ठरवतं. ती आजाराचाच भाग असू शकते, तिच्यावर औषध आहे.

खाटेवरून उठताच चक्कर येते? रक्तदाब घसरत असेल, हेही याच आजारात होऊ शकतं. आधी पाय खाली सोडून बसा, मग उठा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.